तिला समजेल अशा भाषेत : गर्भपरीक्षणाचा इतिहास आणि आपला विवेक

स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांचा आढावा घ्यावा, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. तो आढावा आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी याच अंकात घेतला आहे आणि माझ्या हातून तो इतका चांगला उतरला नसता. मी एम. ए. ला इतिहास घेतला होता आणि वर्गात आजवर तोच शिकवीत आले. म्हणून या निमित्ताने एका निराळ्या इतिहासाकडे माजी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे लक्ष वेधावे, असे मनात आले. हा इतिहास आपल्या घराघरांतला आहे. मात्र कोणत्याही इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात त्याला धडा नाही.

त्याला निमित्तही तसेच घडले. गेल्या श्रावणात शाळा सुटण्याच्या वेळी एक माजी विद्यार्थिनी मला भेटायला आली. तिला चौथा महिना लागला होता. पिशवीतून तिने दोन कागद काढले. एक सरकारी दवाखान्यात मिळणारे ‘तायी कार्ड’, कन्नडमधले. दुसरा एका प्रयोगशाळेचा अहवाल, इंग्रजीतला. “बाई, अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही,” ती म्हणाली. अहवालात एक आकडा ठळक छापला होता : २१० पैकी १. त्याखाली ‘हाय रिस्क’ हे दोन शब्द. डॉक्टरांनी समजावले होते, पण बाहेर रांग मोठी होती आणि हिच्या कानांत ते दोन शब्दच घुमत राहिले होते. सासूबाईंनी तर मूल सदोषच आहे, असे धरूनही टाकले होते.

मी डॉक्टर नाही. परंतु २१० पैकी १ म्हणजे काय, एवढे शिक्षिकेला सांगता यायला हवे. मी कागदावर ठिपके काढून दाखवले. असा आकडा आलेल्या २१० मातांपैकी एकीच्या बाळात तो दोष असू शकतो, बाकीच्या २०९ जणींच्या बाळात तो नसतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदानासाठी पुढची तपासणी असते. ती करायची की नाही, हे तुला विचारूनच ठरते. ती बराच वेळ ठिपक्यांकडे पाहत राहिली. मग डॉक्टरांना पुन्हा भेटून काय काय विचारायचे, त्याची आम्ही दोघींनी मराठीत यादी केली. निघताना तिने मला आणखी एक प्रश्न विचारला. त्याकडे मी शेवटी येईन.

त्या रात्री मला वाटले, गर्भात डोकावून पाहण्याचे हे सामर्थ्य माणसाला मिळाले कसे, आणि आपल्या समाजाने त्याचे काय केले, हे आपल्या मुलींना आणि मुलांनाही ठाऊक असले पाहिजे.

जन्मापूर्वीचा प्रश्न, जन्मानंतरचा प्रश्न

कोणते मूल जगावे, हा प्रश्न यंत्रे येण्यापूर्वीपासूनचा आहे. तेव्हा तो बाळ जन्मल्यानंतर विचारला जाई. जोनाथन डंकन या इंग्रज अधिकाऱ्याने १७८९ मध्ये काशी परिसरातील काही राजपूत घराण्यांत मुली मारल्या जात असल्याचे नोंदवले. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकिर्दीत बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर याने काठियावाडातील जाडेजा सरदारांकडून १८०८ च्या सुमारास ही चाल सोडण्याचे करार लिहून घेतले. स्त्री-बालहत्या प्रतिबंधक कायदा १८७० साली झाला. करार झाले, कायदा झाला, तरी प्रथा पुष्कळ काळ टिकली. हुकमाने हात थांबतो, मन बदलायला वेळ लागतो, हा धडा येथेच प्रथम दिसतो.

महाराष्ट्रात याच प्रश्नाचे वेगळे रूप जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पाहिले. फसवल्या गेलेल्या विधवांना बदनामीच्या भयाने पोटच्या मुलाचा जीव घ्यावा लागे. फुले दांपत्याने १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. येथे या आणि सुखरूप बाळंत व्हा, असे त्यांचे सांगणे होते. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. त्या स्त्रीला दोष देण्यापूर्वी फुल्यांनी तिच्यासाठी एक दार उघडले. हे दार मला या सगळ्या इतिहासात महत्त्वाचे वाटते. या लेखात मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

विसाव्या शतकात प्रश्न जन्माच्या अलीकडे सरकला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. मते लपवली नाहीत म्हणून त्यांना गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, खटले सोसले. एका खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. पुढे १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला आणि तो फेटाळला गेला. आपण बंगळूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट म्हणजे, मुंबईत हा वाद चालू असतानाच्या काळात, १९३० साली, म्हैसूर संस्थानाने बंगळूर व म्हैसूर येथील सरकारी रुग्णालयांत संततिनियमनाचे दवाखाने उघडले. सरकारने स्वतः असे दवाखाने चालवण्याचे जगातील हे पहिले उदाहरण मानले जाते.

परंतु त्या काळी या चळवळीच्या शेजारून आणखी एक विचार वाहत होता. त्याचे मराठी नाव मोठे गोड होते : सुप्रजाजनन. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज विद्वानाने १८८३ मध्ये त्याला इंग्रजी नाव दिले. ‘चांगल्यांनी’ प्रजा वाढवावी, ‘निकृष्टांनी’ थांबावे, हे त्याचे सार. प्रणयकादंबऱ्यांमुळे घराघरांत पोहोचलेले ना. सी. फडके यांनी १९२७ मध्ये याच चळवळीची तरफदारी करणारे इंग्रजी पुस्तक लिहिले होते आणि त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती, हे आज पुष्कळांना ठाऊक नसेल. त्या पिढीचा हेतू वाईट होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि चांगला कोण आणि निकृष्ट कोण हे ठरवणार कोण, हा प्रश्न त्या उत्साहात मागे पडला. अमेरिकेत १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. जर्मनीत १९३३ मध्ये तसा कायदा झाला आणि १९३९ पासून अपंग मुलांना व प्रौढांना ठार मारण्यापर्यंत मजल गेली.

संततिनियमनाचा विचार आणि सुप्रजेचा विचार एकाच काळी, अनेकदा एकाच व्यासपीठावर मांडले गेले. पहिला स्त्रीच्या हाती निर्णय देऊ पाहत होता. दुसरा समाजाच्या वतीने तिच्या उदरावर निर्णय लादू पाहत होता. पुढील सर्व कथा या दोन विचारांच्या सरमिसळीची आहे.

सुईच्या टोकावरचे ज्ञान

गर्भाशयातील बाळ ज्या पाण्यात असते त्या गर्भजलात बाळाच्या पेशी तरंगत असतात. बारीक सुईने थोडे गर्भजल काढून त्या पेशी तपासता येतात. १९५६ मध्ये कोपनहेगन येथील फुक्स आणि रीस या दोन संशोधकांनी अशा पेशींवरून गर्भाचे लिंग ओळखता येते, असे दाखवून दिले. त्यांचा हेतू वैद्यकीय होता. रक्त न गोठण्याचा हिमोफिलिया हा रोग बहुधा मुलग्यांना होतो. ज्या घरी तो आहे तेथील मातेला आधी कळावे, एवढेच त्यांना साधायचे होते. परंतु गर्भपरीक्षणाने पहिल्यांदा सांगितलेली गोष्ट ‘मुलगा की मुलगी’ हीच होती, ही इतिहासाची विलक्षण योजना म्हणावी लागेल.

१९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेजून, मार्था गोतिये व रेमाँ त्युर्पँ यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे प्रसिद्ध केले. २१ क्रमांकाच्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, हे त्याचे कारण. १९६६ मध्ये गर्भजलातील पेशी वाढवून त्यांची गुणसूत्रे मोजता येऊ लागली. आपल्या शोधाचा उपयोग पुढे अशा गर्भांच्या गर्भपातासाठी होऊ लागला, याचे लेजून यांना अखेरपर्यंत दुःख होते.

राजाजीनगरात आपल्या शाळेचे पहिले वर्ग भरू लागले तो हाच काळ. औद्योगिक वसाहत उभी राहत होती आणि बेळगाव, कोल्हापूर, सांगलीकडून कुटुंबे येथे येत होती. त्याच सुमारास महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समिती गर्भपाताच्या कायद्याचा विचार करीत होती. चोरून होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया मरत होत्या. समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. स्त्रीचे प्राण वाचवणारा हा कायदा होता. त्यात आणखी एक कारण मान्य झाले : जन्मणाऱ्या मुलाला गंभीर व्यंग असण्याचा मोठा धोका.

गर्भजल परीक्षा भारतात आली ती १९७५ च्या सुमारास, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, आनुवंशिक दोष शोधण्यासाठी. थोड्याच काळात लक्षात आले की तपासणीला येणाऱ्या पुष्कळ जणींना, किंवा त्यांच्या घरच्यांना, दोषाविषयी नव्हे तर लिंगाविषयीच जाणून घ्यायचे आहे. मुलगी असल्याचे कळताच गर्भपाताची मागणी होई. सत्तरचे दशक संपता संपता सरकारने सरकारी रुग्णालयांत या परीक्षेच्या अशा वापराला बंदी केली. खाजगी दवाखान्यांना ती बंदी नव्हती. परिणामी सरकारी दार बंद झाले आणि बाजाराचे उघडले.

मुंबईने विचारलेला प्रश्न

ऐंशीच्या दशकातील मुंबईत या परीक्षेच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत लागत. आज काहीशे रुपये खर्चा आणि पुढचे हजारो वाचवा, असा हुंड्याकडे बोट दाखवणारा त्यांचा रोख असे. १९८६ मध्ये राज्य शासनासाठी झालेल्या एका पाहणीत मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी गर्भजल परीक्षा करत असल्याचे आढळले. म्हणजे हा चोरटा धंदा राहिला नव्हता. तो प्रतिष्ठितांचा व्यवहार झाला होता.

त्याच सुमारास मुंबईत स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या, डॉक्टर, वकील, पत्रकार यांनी एकत्र येऊन लिंगनिदानाविरोधी मंच उभा केला. मृणाल गोरे यांनी हा विषय विधानसभेत लावून धरला. मंचासमोरचा पेच अवघड होता. गर्भपाताचा हक्क स्त्रीला मोठ्या कष्टाने मिळाला होता. तो न गमावता लिंगनिवडीला विरोध कसा करायचा? विरुद्ध बाजूचे युक्तिवादही वरवर पाहता बिनतोड होते. स्त्रीला निवड हवी ना, मग ही तिची निवडच आहे. नकोशी म्हणून जन्मून आयुष्यभर छळ सोसण्यापेक्षा न जन्मलेले बरे. मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल.

या युक्तिवादांना त्या चळवळीने दिलेले उत्तर मला आजही मोलाचे वाटते. जिला मुलगी झाली तर घराबाहेर काढण्याची धमकी आहे, तिच्या ‘होय’ ला निवड म्हणता येत नाही. निवड होण्यासाठी दोन वाटा खुल्या असाव्या लागतात. आणि मुलगी असणे हा आजार नाही. आजार तिला नकोशी मानणाऱ्या समाजाला जडलेला आहे. समाजाच्या दुखण्यावर गर्भाशयात इलाज करता येत नाही.

महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. परंतु राज्याची सीमा ओलांडली की कायदा संपत होता. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला. तोही कागदावरच राहतो आहे, हे पाहून मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने २००१ मध्ये राज्यांना खडे बोल सुनावून अंमलबजावणीचे आदेश दिले. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली.

तोवर जनगणनेने हिशेब मांडला होता. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३, तर २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ मध्ये ८०७. आपल्या शाळेतील पुष्कळ कुटुंबांचे मूळ ज्या भागात आहे, त्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ मध्ये हा आकडा ८३९ होता आणि सांगलीत ८५१. सोन्या-चांदीच्या गलाईच्या व्यवसायासाठी खानापूर-आटपाडीकडून देशभर पसरलेल्या आपल्या बांधवांनी हे आकडे दूरचे समजू नयेत. हे जिल्हे उपाशी नव्हते. येथे ऊस होता, साखर कारखाने होते, सहकार होता, शाळा-महाविद्यालये होती. ज्याच्याकडे पैसा, वाहन आणि माहिती होती, त्याला सोनोग्राफीचे यंत्र लवकर सापडले. शिक्षण वाढले की ही प्रथा आपोआप जाईल, असे समजणाऱ्या आम्हा शिक्षकांना या आकड्यांनी नम्र व्हायला शिकवले.

कोल्हापुरात मग जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण जोडण्याचा प्रयोग केला. ते कथाकारही आहेत; ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा त्यांचा कथासंग्रह याच विषयावर आहे. २०११ मध्ये कोल्हापूरचा आकडा ८६३ वर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अडीचशेहून अधिक ‘नकुशां’ना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. हजेरीत दररोज स्वतःचे नाव ‘नकुशी’ असे ऐकून ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलीच्या मनाचे काय होत असेल, ते कोणत्याही शिक्षिकेने क्षणभर डोळे मिटून आठवून पाहावे.

दुर्दैवाने कथा तेथे संपली नाही. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले आणि तपासाचे धागे सीमा ओलांडून कर्नाटकात आले. २०२३ च्या अखेरीस बंगळूर पोलिसांनी एक टोळी पकडली. मंड्या जिल्ह्यातील एका गुऱ्हाळात सोनोग्राफीचे यंत्र ठेवून ही टोळी लिंगनिदान करीत असल्याचे उघड झाले. शेकडो बेकायदा गर्भपातांचा आरोप तिच्यावर आहे. गूळ शिजवण्याच्या जागी, जेथे पाहुण्याच्या हातावर पहिला गरम गूळ ठेवायची रीत, तेथे हे चालले होते. तेव्हा ही गोष्ट महाराष्ट्राची, ती उत्तरेची, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

कायदा काय सांगतो, काय सांगत नाही

पालकांच्या सभेत मी विचारले, तर बहुतेकांना कायद्याचा एकच भाग ठाऊक असतो : लिंग विचारायचे नाही, सांगायचे नाही. शब्दाने, खुणेने वा अन्य कोणत्याही प्रकारे सांगणे हा गुन्हा आहे, हे खरेच. पण हा कायदा गर्भपरीक्षणाला बंदी करीत नाही. गुणसूत्रांतील दोष, चयापचयाचे आनुवंशिक विकार, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल यांसारखे रक्ताचे विकार, लिंगाशी निगडित आनुवंशिक रोग, जन्मजात व्यंगे यांच्या निदानासाठी तो परवानगी देतो. मातेचे वय ३५ हून अधिक असणे, पूर्वी दोन वा अधिक गर्भपात आपोआप झालेले असणे, घराण्यात असा विकार असणे, अशी कारणे त्यात नमूद आहेत.

ही परवानगी योग्यच आहे. आई-वडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत चारांत एक या प्रमाणात मूल बाधित असण्याची शक्यता असते. त्या मुलाला बहुधा आयुष्यभर रक्त चढवावे लागते. विदर्भात, नंदुरबारकडे, तसेच आपल्या शेजारच्या निलगिरीतील आदिवासींत सिकलसेलच्या वेदनांनी तळमळणारी मुले ज्यांनी पाहिली, ते या तपासण्यांना सरसकट पाप म्हणणार नाहीत. एखादी आई ‘मला आधी कळू दे’ म्हणते तेव्हा तिच्या मनात क्रूरता नसते, काळजी असते.

मात्र येथून पुढे वाट बिकट होते. मुलगी असणे हा रोग नाही, हे आपण ठामपणे म्हणू शकतो. डाऊन सिंड्रोमचे काय? ते मूल सावकाश शिकते, काहींच्या हृदयात दोष असतो. परंतु ते हसते, रुसते, माणसे ओळखते, पुष्कळदा वाचायला शिकते आणि काम करते. त्याचे दुःख किती त्याच्या गुणसूत्रातून येते आणि किती आपल्या नजरेतून? ‘नकोशी म्हणून जन्मण्यापेक्षा न जन्मलेले बरे’ हा ऐंशीच्या दशकातला युक्तिवाद मुलींच्या बाबतीत आपण खोडून काढला. तोच युक्तिवाद अपंग मुलाच्या बाबतीत आपण मान हलवून स्वीकारतो, हे अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या मंडळींनी पुढे दाखवून दिले. मला त्याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. मुलीचे आणि गंभीर व्याधीचे प्रश्न एक नव्हेत, हे मला मान्य आहे. पण दोन्हीकडे त्या आईच्या कानाशी बोलणारा समाज एकच आहे.

न्यायालयांनाही हा प्रश्न सोपा गेला नाही. २००८ मध्ये मुंबईच्या एका दांपत्याने, गर्भाच्या हृदयात दोष आढळल्याने, २० आठवड्यांची मुदत उलटल्यावर गर्भपाताची परवानगी मागितली. उच्च न्यायालयाने ती नाकारली. त्यावर देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीने काही विशिष्ट परिस्थितींत ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास मुदतीचे बंधन राहिले नाही. कायद्याने निर्णयाला जागा दिली. निर्णय कसा करावा, हे कायदा सांगू शकत नाही.

आणि आता तर सुईचीही गरज उरलेली नाही. मातेच्या रक्तात बाळाचे जनुकीय अंश मिसळलेले असतात, हे डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले. २०११ पासून त्यावर आधारित रक्ततपासणी बाजारात आली. दहाव्या आठवड्यापासून, मातेच्या दंडातून थोडे रक्त घेऊन, काही गुणसूत्रदोषांचा पुष्कळ अचूक अंदाज येतो. पण हाही अंदाजच. खात्रीसाठी गर्भजल वा वारेच्या पेशींची तपासणी लागते. वय वाढते तसा धोका वाढतो, हे खरे. डाऊन सिंड्रोमची शक्यता पस्तिशीत सुमारे ३५० पैकी १ आणि चाळिशीत सुमारे १०० पैकी १ असते. म्हणजे चाळिशीतल्या शंभर मातांपैकी नव्याण्णव जणींच्या बाळांना ते नसते. भीती शब्दाने पसरते आणि अंकाने आवरते. पण अंक समजावून सांगणारे कोणीतरी हवे.

येथे मला कायद्यातील एक कलम आठवते. लिंगनिदानाच्या गदारोळात त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. गर्भजल परीक्षेसारखी तपासणी करण्यापूर्वी तिचे सर्व ज्ञात दुष्परिणाम स्त्रीला समजावून सांगितले पाहिजेत, तिची लेखी संमती घेतली पाहिजे आणि ती संमती तिला समजेल अशा भाषेत असली पाहिजे. त्या कागदाची प्रत तिला मिळाली पाहिजे. ‘तिला समजेल अशा भाषेत.’ परप्रांतात मराठी शाळा साठ वर्षे चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना या चार शब्दांचे मोल निराळे सांगायला नको. बंगळुरात आनुवंशिक विकारांचे उत्तम तज्ज्ञ आहेत, समुपदेशनाची सोय आहे. पण दुखणे आणि भीती मातृभाषेतूनच बोलतात. आपल्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, प्रयोगशाळांत काम करणारे आहेत. महिन्यातून एक शनिवार त्यांच्यापैकी कोणी शाळेत बसून गर्भवतींना त्यांचे कागद मराठीत समजावून सांगतील काय? सल्ला देऊ नये, फक्त समजावावे. निर्णय तिचा.

तिचा शेवटचा प्रश्न

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. दाराशी थांबून ती म्हणाली, “बाई, आणि खरंच तसं निघालं, तर ते मूल तुम्ही आपल्या शाळेत घ्याल?”

मी लगेच ‘हो’ म्हणाले. पण घरी जाताना माझे पाऊल जड झाले होते. पुष्कळ वर्षांपूर्वी, मी सहशिक्षिका असताना, एक आई अशाच मुलाला घेऊन शाळेत आली होती. त्याने माझ्या टेबलावरचा खडू उचलून फळ्यावर एक मोठा गोल काढला होता आणि माझ्याकडे पाहून हसला होता. प्रवेशाचा निर्णय माझ्या हाती नव्हता, हे खरे. पण माझे मत विचारले गेले तेव्हा मी म्हटले, वर्गात पन्नास मुले आहेत, याच्याकडे लक्ष कोण देणार, इतर पालक काय म्हणतील. त्या बाईंनी वाद घातला नाही. मुलाच्या हातावरची खडूची पूड पदराने पुसली आणि त्याला घेऊन गेल्या. ते कुटुंब पुढे कोठे गेले, ते मला ठाऊक नाही.

वर्गात मी फुल्यांच्या त्या गृहाविषयी दरवर्षी शिकवत होते आणि मला स्वतःच्या वर्गाचे दार उघडता आले नव्हते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये आला, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा २०१६ मध्ये. त्यांनी अशा मुलांना आपल्याबरोबर शिकण्याचा हक्क दिला. आज आमच्याकडे विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन दिवस येतात. उतार आहे, एक शांत खोली आहे. एवढे पुरेसे नाही, हे मी जाणते. कायद्यामुळे आम्ही हे केले, हेही कबूल करते. आधी करायला हवे होते.

त्या मुलीने पुढे कोणती तपासणी केली, काय निष्पन्न झाले आणि तिने काय ठरवले, ते मला माहीत आहे. पण ते मी येथे लिहिणार नाही. तो तिचा निर्णय आहे आणि तो तिच्याजवळच राहावा. मला एवढेच सांगायचे आहे की आपल्या साऱ्यांच्या वागण्याचा त्या निर्णयात वाटा असतो. शेजारीण काय बोलते, सासू काय म्हणते, नवरा गप्प राहतो की हात धरतो, शाळेचे दार उघडे आहे की बंद, हे सारे ती आई तपासणीच्या अहवालाबरोबर मनात तोलत असते.

हीरक महोत्सवानिमित्त आपण नवी वर्गखोली बांधणार आहोत. माझी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती आहे की त्या खोलीत सावकाश शिकणाऱ्या मुलांसाठी कायमची जागा आणि पूर्णवेळ शिक्षिका असावी, यासाठी आपण हातभार लावावा. पुढे कोणी गर्भवती मुलगी तोच प्रश्न घेऊन माझ्या जागी बसलेल्या मुख्याध्यापिकेकडे आली, तर तिने ‘हो’ म्हणावे आणि उठून तिला ती खोली दाखवावी.

— मुख्याध्यापिका